बोटभर पाणी कुठे गेलं?

१. लाल रेघ

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आमच्या बाथरूममधून बोटभर पाणी चोरीला गेल्याचं उघडकीस आलं.

हसू नका. त्या बोटभर पाण्यावर माझी आजी घरी येणार की नाही हे ठरणार होतं.

दोन महिन्यांपूर्वी आजी आमच्या जुन्या टबचा काठ ओलांडताना घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून ती आत्याकडे होती. आत्या पुढच्या शनिवारी नोकरीसाठी परगावी जाणार होती. तोपर्यंत आमची बाथरूम, टब नसलेली, भिंतीला आधाराचा दांडा असलेली, तयार झाली तर आजी घरी येणार. नाही झाली तर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या एका केंद्रात. तिथे एकच खाट शिल्लक होती आणि हो की नाही ते आज दुपारी एकच्या आत कळवायचं होतं. आजी फोनवर म्हणाली होती, "जाईन की तिकडे, माझं काय अडलंय." आजी असं म्हणते तेव्हा तिचं सगळंच अडलेलं असतं.

बाबा कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी, म्हणून सगळा कारभार आईचा. आईचं बजेट एका पाकिटात मावत होतं, आणि ते पाकीट फुगलेलं नव्हतं. भिंतीच्या टाइल्स दुकानात पडून राहिलेल्या मालातल्या घेतल्या. बेसिन एका मोडलेल्या लॉजचं. जुना टब आणि कोपऱ्यातलं मोठं पिंप भंगारवाल्याच्या गळ्यात मारून आईने त्याच्याकडून आधाराचा स्टीलचा दांडा मिळवला. तो हातगाडी ओढत जाताना म्हणाला होता, "ताई, तुम्ही माझ्या धंद्यात यायला हवं होतं."

गवंडीकाकांनी जमिनीवर पाणी न झिरपू देणारा थर दिला आणि गुरुवारी संध्याकाळी त्याची परीक्षा लावली. पाणी वाहून जाणाऱ्या नहाणीच्या भोकात कापडाचा बोळा कोंबून वरून सिमेंट लिंपलं, दाराशी गुडघाभर विटांचा बांध घातला, सहा इंच पाणी भरलं आणि कानामागची लाल पेन्सिल काढून पाण्याच्या काठाला भिंतीवर रेघ मारली.

"चोवीस तासांत पाणी या रेघेवरून हललं नाही तर पास," ते म्हणाले. "हललं तर सगळं फोडायचं."

आई काल रात्री आजीजवळ राहायला गेली होती. ती सकाळी परत आली आणि आठला आम्ही तिघं, म्हणजे आई, गवंडीकाका आणि मी, दाराला बांधलेली सुतळी सोडून आत डोकावलो.

पाणी रेघेच्या खाली होतं.

गवंडीकाकांनी पट्टी लावली. "तेरा मिलिमीटर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज सिमेंट खाल्ल्यासारखा झाला. मग त्यांनी सवयीने पाण्याच्या नव्या काठाला दुसरी लाल रेघ मारली, बाजूला "८" लिहिलं आणि जिन्यात जाऊन बसले.

आई पाकीट हातात घेऊन उभी होती. आत बघायची तिला गरज नव्हती. फोडायचे पैसे त्यात नव्हते.

"एक वाजता ताईंना हो म्हणून सांगते," ती हळू म्हणाली. ताई म्हणजे आत्या.

गेल्या महिन्यापर्यंतची मी असते तर गप्प बसले असते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होते मी. मग एकदा विज्ञानाच्या बाईंनी ढकललंच पुढे, आणि कळलं की चूक झाली तरी छप्पर कोसळत नाही. तेव्हापासून माझा हात खालीच येत नाही, असं आजोबा म्हणतात.

"आई," मी म्हटलं, "मला एकपर्यंत वेळ दे."

२. खालचं छत

पहिला संशयित प्लंबरदादा. नवे पाइप त्यांनी टाकलेले. ते साडेआठला आले आणि जिन्यातच दोघांची जुंपली.

"माझा जॉइंट गळणार नाही," प्लंबरदादा म्हणाले. "तुझाच थर पचकला असेल."

"माझा थर? तीस वर्षं थर देतोय. तेव्हा तू दुपट्यात होतास."

"दुपट्यात होतो, पण कोरडा होतो."

मी मध्ये पडले. "दादा, रात्री नळ कोणी उघडला असेल का?"

"व्हॉल्व्ह बंद करून त्याची मूठ मी खिशात घालून नेली. ही बघ." त्यांनी मूठ दाखवली. म्हणजे आत पाणी येऊ शकत नव्हतं. आणि नहाणीवरचं सिमेंट? त्यांनी बांध ओलांडून चाचपून पाहिलं. जसंच्या तसं.

मग मी खालच्या काकूंकडे गेले. आमची बाथरूम बरोब्बर त्यांच्या बाथरूमच्या डोक्यावर. काकू स्टुलावर उभ्या राहून छताला हात लावत होत्या.

"ये गं. हा जुना डाग बघ. कालच मी त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून ठेवली. एवढासा सुद्धा वाढला नाही."

"नक्की?"

"खरं सांगू का? गळलं असतं तर तुझ्या आईकडून छताला रंग तरी लावून घेतला असता. माझं नशीबच कोरडं."

मी वर हात लावला. छत खडखडीत. पाइपाच्या कडेला बोट फिरवलं. तिथेही काही नाही.

जिना चढताना मी गणित केलं. बाथरूम एकशेवीस सेंटिमीटर रुंद, दीडशे लांब. तेरा मिलिमीटर पाणी म्हणजे तेवीस-साडेतेवीस लिटर, दीड बादली. दीड बादली पाणी खालच्या छतात जिरलं असतं तर काकूंच्या डोक्यावर पाऊस पडला असता.

पाणी खाली गेलेलं नव्हतं. मग उरला एकच रस्ता. कुणीतरी ते वरून उचललं होतं.

आणि काल रात्री घरात मी आणि आजोबा, दोघंच होतो.

३. पायजमा

आजोबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. आयुष्यभर तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू मोजले, त्यामुळे बोलणंही मोजकं. त्यातून गेल्या आठवड्यात त्यांनी नवा नळ "जरा घट्ट" केला आणि तो हातातच आला. तेव्हा आईने, जी त्यांना अण्णा म्हणते, हात जोडले होते. "अण्णा, पाया पडते, बाथरूमच्या कामात लुडबुड नको." तेव्हापासून ते बाथरूमच्या दिशेला पाठ करून बसत.

आत्ताही ते गॅलरीत पाठ करून बसले होते. शेजारी त्यांच्याच हाताने रचलेली टाइल्सची चळत, कडा कशा एका रेषेत. टाइल्स लावणारा उद्या सकाळी येणार होता.

"या फौजदारीणबाई," ते म्हणाले. "कुणाला बेड्या घातल्या?"

मी उत्तर देणार तोच माझी नजर दोरीवर गेली. त्यांचा पायजमा वाळत होता. गुडघ्यापर्यंत राखाडी, सिमेंटच्या पाण्याचा रंग. मग मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पांढरी, चिंबलेली, तासन् तास पाण्यात घातल्यासारखी.

या घरात आजीची सगळ्यात जास्त वाट कोण बघत असेल तर ते आजोबा. रोज संध्याकाळी तिच्या घड्याळाला किल्ली देतात, ती नसताना.

"आजोबा," मी म्हटलं, "तुम्ही बाथरूममधलं पाणी काढलंत का?"

त्यांनी चष्मा वर केला. "एक थेंबसुद्धा नाही."

"बादली, तांब्या, काहीच नाही?"

"तुझ्या आजीची शपथ."

आजीची खोटी शपथ आजोबा घेणार नाहीत. पण पायजमाही खोटं बोलत नव्हता. मी दोन्हींच्या मधोमध उभी, आणि तेवढ्यात बाथरूममधून गवंडीकाकांची हाक आली. हाक कसली, विव्हळणंच ते.

"वहिनी, या. चिरा गेल्यात."

४. चिरा

प्लंबरदादांनी पाय बाहेर काढल्यावर ढवळलेलं पाणी आता निवळलं होतं. गवंडीकाका बॅटरीचा झोत पाण्यात टाकून बसले होते. जमिनीवर, दाराकडचा भाग सोडला तर, रेघाच रेघा. बारीक, सरळ, एकीशेजारी एक.

"थर तडकला," ते म्हणाले. "माझ्या हातून असं कधी झालं नाही." त्यांनी पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढून बांधावर ठेवला. "वहिनी, मजुरी नको मला. सांगाल तेव्हा फोडतो."

घड्याळात साडेअकरा झाले होते.

मी त्या रेघांकडे पाहत राहिले. आमच्या वर्गाच्या भिंतीला चीर आहे, पाच वर्षं तिच्याकडे बघत गणितं सोडवलीत. ती वेडीवाकडी जाते, मध्येच फुटते. या रेघा मात्र वहीच्या पानासारख्या. साधारण सेंटिमीटरचं अंतर, आणि प्रत्येक रेघ आपली तीस सेंटिमीटरवर थांबलेली. चिरा काय पट्टी घेऊन पडतात?

मी बाही वर केली, बांधावरून वाकले, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि एका रेघेवरून बोट फिरवलं.

रेघ पुसली गेली.

"काका, या चिरा नाहीत," मी म्हटलं. "तळाशी गाळ बसलाय, त्यात उठलेले ठसे आहेत."

काकांनी स्वतःचा हात घातला. एक रेघ पुसली, दुसरी पुसली. खालचा थर गुळगुळीत. त्यांनी छिन्नी उचलून पिशवीत टाकली, पण हातोडा राहू दिला. "मग पाणी कमी कसं झालं?" ते म्हणाले.

वाकल्यामुळे माझं डोकं भिंतीच्या अगदी जवळ आलं होतं, आणि तिथे मला ते दिसलं. काकांची पहिली लाल रेघ, तिच्या खाली पाणी, हे तर सकाळपासून पाहत होतो. पण लाल रेघेच्याही वर, चांगलं चार सेंटिमीटर वर, गाळाची एक फिकट किनार चारी भिंतींवर सारखी फिरली होती.

"ही किनार कसली?"

"भरताना उडालं असेल पाणी," काका म्हणाले.

"उडालेलं पाणी सरळ रेषेत उडत नाही, काका. पाणी रात्री इथपर्यंत चढलं होतं."

"कसं चढेल? व्हॉल्व्ह बंद," प्लंबरदादा म्हणाले.

कुणी पाणी घातलं नाही, तरी ते चार सेंटिमीटर चढलं. कुणी काढलं नाही, तरी ते तेरा मिलिमीटर उतरलं.

मी तशीच ओल्या हाताने गॅलरीत पळाले.

५. बरोबर प्रश्न

"आजोबा, मघाशी मी प्रश्नच चुकीचा विचारला," मी म्हटलं. "तुम्ही पाणी काढलंत का, असं नाही. तुम्ही पाण्यात काही ठेवलंत का?"

आजोबांनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. आई तिथे येऊन उभी होती. त्यांचा चेहरा नळ हातात आला होता त्या दिवशीसारखा झाला.

"आधी हे सांगा," मी त्यांना सोडवत म्हटलं, "या टाइल्स भिजवल्या कशात?"

ज्यांनी कधी घरकाम काढलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यासारख्या स्वस्तातल्या टाइल्स पाठीमागून बिस्किटासारख्या असतात. कोरड्या लावल्या तर सिमेंटमधलं सगळं पाणी त्याच पितात आणि महिन्याभरात टपाटपा पडतात. म्हणून लावायच्या आधी त्या रात्रभर पाण्यात ठेवतात. हे इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळेच गॅलरीत भिजवलेल्या टाइल्स पाहून कुणाला काही वाटलं नाही.

पण टब भंगारात गेला होता. पिंपही गेलं होतं. दोनशे टाइल्स बुडतील असं भांडंच घरात उरलं नव्हतं. एक सोडून.

"काल संध्याकाळी त्या टाइल्सवाल्याचा फोन आला," आजोबा म्हणाले. "म्हणाला, 'आजोबा, भिजवून ठेवा, उद्या मला दुसरीकडे काम आहे, परवा सकाळी येतो.' आता भिजवू कशात? बघतो तर बाथरूमभर पाणी. म्हटलं, आयतं आहे. वाया का घालवा?"

"अण्णा," आई म्हणाली.

"उभ्या लावल्या, पुस्तकांसारख्या, म्हणजे मधून पाणी जातं. पहाटे निथळून काढल्या. पण हे बघ सूनबाई, जेवढ्या ठेवल्या तेवढ्याच काढल्या. मोजून दोनशे. पाणी मी एक थेंब काढलेलं नाही."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"लुडबुड नको म्हणाली होतीस."

काल शाळेतून घरी यायला मला साडेसात झाले होते. दार सुतळीने बांधलेलं होतं आणि मी न बघता पुढे गेले होते. अशी मी फौजदार.

"तुम्ही पाणी काढलं नाहीत, आजोबा," मी म्हटलं. "ते टाइल्सनी काढलं."

६. तराजू

पुरावा लागतो. एक हुशार पोरगी म्हणते म्हणून गवंडीकाका आपली तीस वर्षं पणाला लावणार नव्हते, आणि आई आजीला तर नाहीच.

आईने तुटफुटीसाठी दहा टाइल्स जादा घेतल्या होत्या. त्या पलंगाखाली खोक्यात कोरड्याच पडल्या होत्या. मी त्यातली एक आणि गॅलरीतल्या चळतीच्या मधली एक आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आई, आजोबा, गवंडीकाका, प्लंबरदादा ओट्याभोवती गोळा झाले. खालच्या काकूही वर आल्या होत्या, छताच्या वतीने.

कोरडी टाइल सातशे ऐंशी ग्रॅम.

भिजलेली आठशे नव्वद.

"एकेकीने एकशेदहा ग्रॅम पाणी प्यायलंय," मी म्हटलं. "गुणिले दोनशे. बावीस लिटर. बाथरूममध्ये पसरलं की सव्वा सेंटिमीटरला जरासं कमी."

"पण मी तेरा मोजलेत," गवंडीकाका म्हणाले. "थोडं उरतंय."

"ते निथळताना गॅलरीत गळलं असेल. शिवाय पायजमा आहे की."

प्लंबरदादा पहिल्यांदा हसले. गवंडीकाका मात्र हसले नाहीत. ते टाइलची पाठ अंगठ्याने दाबून बघत होते.

"हिशेब पटतो," ते म्हणाले. "किनारही पटते. टाइल्स आत गेल्या, पाणी चढलं. बाहेर आल्या, उतरलं. पण पोरी, टाइल्सनी प्यायलं आणि शिवाय थरही थोडा गळला, असं असलं तर? मी शब्द देऊन बसेन आणि उद्या म्हातारीच्या पायाखाली ओल यायची."

बारा चाळीस झाले होते. आईने फोन हातात घेतला होता.

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर गवंडीकाकांकडेच होतं. त्यांना ते माहीत नव्हतं इतकंच.

"काका, सकाळी आठला तुम्ही दुसरी रेघ मारलीत," मी म्हटलं. "टाइल्स तर पहाटेच बाहेर आल्या होत्या. म्हणजे आठनंतर पाणी प्यायला आत कुणीच नव्हतं. थर गळका असेल तर साडेचार तासांत पाणी त्या रेघेच्या खाली जायला हवं."

भांडणात, छतात, चिरांमध्ये आणि पायजम्यात गुंतून त्या दुसऱ्या रेघेकडे आमच्यापैकी कुणी एकदाही पाहिलं नव्हतं.

आम्ही सगळे बाथरूमकडे निघालो. बाथरूम दोन माणसांची, त्यामुळे बांधाशी चेंगराचेंगरी झाली. गवंडीकाका सगळ्यांत पुढे. ते गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला आणि गाल जवळजवळ पाण्याला टेकवून रेघ पाहिली.

मग पट्टी लावून पुन्हा पाहिली.

"काका?" आई म्हणाली.

"वहिनी," ते न वळता म्हणाले, "केसभर नाही हललं."

मग ते उठले, हातोडा उचलला आणि पिशवीत टाकला. प्लंबरदादांकडे बघून म्हणाले, "थर पचकला म्हणालास ना?"

"मी कुठे म्हणालो? दुपट्यातली पोरं काहीही बरळतात."

आईने फोन लावला. "ताई, ती खाट दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं. आईंना पुढच्या शनिवारी घरीच आणायचंय." मग तिने फोन आजोबांच्या हातात दिला आणि आजोबा तो घेऊन गॅलरीत गेले. पाठ करूनच बसले, पण या वेळी मला त्यांचे खांदे दिसले. सकाळपासून आवळून धरलेले खांदे सैल झाले होते.

गवंडीकाकांनी मात्र संध्याकाळी पाचपर्यंत बोळा काढू दिला नाही. परीक्षा म्हणजे परीक्षा. पाचला पाणी रेघेवरच होतं. आईने ते नहाणीत जाऊ न देता बादल्यांनी उपसून जिना धुऊन काढला, कारण आई ती आई.

७. दांडा

पुढच्या शनिवारी आजी आली. आत्याने एका बाजूने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने काठी. भिंती अंड्याच्या कवचाच्या रंगाच्या दिसत होत्या, टब नव्हता, ओलांडायला काठ नव्हता. भंगाराच्या मोबदल्यात आलेला दांडा गवंडीकाकांनी तिच्या कमरेच्या उंचीला बसवला होता. त्यासाठी त्यांनी फोनवर आजीची उंची तीनदा विचारून घेतली होती.

आजीने काठी आत्याकडे दिली. दांडा धरला आणि एकटी आत गेली. तीन पावलं. मग चौथं.

आजोबा दाराशी उभे. आईने त्यांना त्या दिवसापासून लुडबुडीची परवानगी दिली होती. अट एकच, आधी सांगून करायची.

आजीने भिंतीवरून हात फिरवला. सगळी हकिकत तिला फोनवर कळलेली होती, पायजम्यासकट.

"याच का त्या दारुड्या?" ती म्हणाली.

"याच," आजोबा म्हणाले. "मोजून दोनशे."

"बरं झालं," आजी म्हणाली. "एखाद्या दिवशी नळाला पाणी नसलं तर भिंत पिळून अंघोळ करीन." आणि तिने आतून दार लावून घेतलं.

आम्ही सगळे बाहेर उभे राहून पाण्याचा आवाज ऐकत राहिलो.